कोटिंग लाइनवर नवीन आहात? आधी वारा समजून घ्या, टेम्परेचर नंतर

रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, इकडे ठाण्यात वागळे इस्टेट, तिकडे तळोजा, या सगळ्या पट्ट्यात दरवर्षी आयटीआय आणि डिप्लोमा झालेली कितीतरी मुलंमुली कोटिंग किंवा लॅमिनेशनच्या (दोन फिल्म गमने एकमेकींना चिकटवायच्या) मशीनवर लागतात आणि पहिले सहा महिने त्यांना कोणी बसून नीट काही सांगत नाही, कारण शिफ्टमध्ये वेळच नसतो, सीनियर म्हणतो बघ आणि शीक, आणि नुसतं बघून काय केलं ते कळतं, का केलं ते कळत नाही. मी क्यूसीमधून, म्हणजे मालाच्या तपासणीतून, सुरुवात केली, मग प्रोसेसला आले, आता बरीच वर्षं याच कामात आहे, आणि नवीन मुलांना जे मी लाइनवर उभं राहून सांगते तेच इथे लिहून काढतेय. ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने मशीनवर बघत जा, म्हणजे रोल जिथे उलगडतो त्या अनवाइंडरपासून सुरू करून तो परत गुंडाळला जातो त्या रिवाइंडरपर्यंत. बिघाड शोधायचाही तोच क्रम आहे.

वेब म्हणजे काय ते आधी. रोलवरून सुटून मशीनमधून सलग धावणारी कुठलीही पातळ पट्टी म्हणजे वेब, मग ती प्लास्टिकची फिल्म असो, कागद असो, ॲल्युमिनियम फॉइल असो नाहीतर कापड. तिच्यावर ओला थर द्यायचा, तो धावता धावता वाळवायचा आणि परत गुंडाळायचं, एवढंच आपलं काम. चिकटपट्टी, स्टिकरचं लेबल, गोळ्यांच्या पाकिटाची फॉइल, मसाल्याचं पाऊच, पॉलिश पेपर, रेक्झिन, सगळं असंच बनतं.

मशीन चालू करायच्या आधी वहीत एक गणित करा

हे कोणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम पहिलं घेते. समजा जॉबला वाळल्यावर ३ जीएसएम गम पाहिजे, म्हणजे एका चौरस मीटरवर ३ ग्रॅम. गम ३० टक्के सॉलिडवर पातळ केलाय, म्हणजे ३० टक्के मागे राहणारा गम आणि बाकी उडून जाणारं सॉल्व्हंट, इथे इथाईल ॲसिटेट. म्हणजे ओला थर १० ग्रॅम टाकावा लागणार, त्यातले ३ राहणार आणि ७ उडून जाणार. १० ग्रॅम ओला थर म्हणजे जाडी साधारण १० मायक्रॉन, आपल्या केसाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकी. आता फिल्म १ मीटर रुंद आणि स्पीड मिनिटाला १०० मीटर धरा. दर मिनिटाला १०० चौरस मीटर, म्हणजे १ किलो ओला गम जातो आणि त्यातलं ७०० ग्रॅम इथाईल ॲसिटेट दर मिनिटाला ओव्हनमध्ये, म्हणजे ड्रायरमध्ये, उडतं. तासाला ४२ किलो. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे ड्रायरच्या वेळेला परत लागणार आहे.

ओव्हनची लांबी पण मोजून ठेवा. ९ मीटरचा ओव्हन असेल तर १०० च्या स्पीडला फिल्म आत फक्त ५.४ सेकंद असते. १५० केलं की ३.६ सेकंद. तेवढ्यात सगळं व्हायचंय. पार्टी माल मागतेय म्हणून कोणी स्पीड वाढवायला सांगितलं की हे सेकंद आठवा.

रोल बघा, मग मशीन

थर सारखा यायचा असेल तर ज्याच्यावर द्यायचाय ते सारखं पाहिजे, आणि ही गोष्ट नव्वद टक्के वेळा कोणी तपासत नाही. रोल मशीनवर चढवायच्या आधी त्याच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाची पेरं टकटक करत न्या. आवाज सगळीकडे सारखा यायला हवा. मध्येच आवाज बदलून बद्द झाला तर तिथे रोल मऊ आहे, म्हणजे तिथे फिल्म पातळ आहे नाहीतर सैल गुंडाळलीय. एखाद्या जागी हाताला कडक उंचवटा लागला तर तिथे जाडीचा पट्टा आहे. अशी फिल्म मशीनवर चालवली की एक कड सैल सुटते, लटकते, आणि कोटिंगच्या रोलरवर ती सारखी दाबली जात नाही, मग तुम्ही कोटिंग हेडवर, म्हणजे गम लावणाऱ्या भागावर, कितीही खटपट केली तरी एका बाजूला जीएसएम कमीच येतं.

मग ट्रीटमेंट. प्लास्टिकच्या फिल्मवर कोरोना ट्रीटमेंट असते, म्हणजे विजेने पृष्ठभाग ओलं धरण्याजोगा केलेला असतो, कारण साध्या बीओपीपीवर (ताणलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म) शाई किंवा गम पसरतच नाही, पानावर पाण्याचे थेंब राहतात तसा गोळा होतो. डाइन म्हणजे ही ट्रीटमेंट मोजायचं एकक, त्याच्या डाइन पेनने रेघ मारा, रेघ दोन सेकंद तशीच राहिली तर तेवढी लेव्हल आहे, फुटून थेंब थेंब झाली तर नाही. बीओपीपीला निदान ३८ डाइन तरी पाहिजे, पीईटीला (पॉलिएस्टर फिल्म) ५० च्या वर मिळतं. ही ट्रीटमेंट ठेवून ठेवून उतरते, म्हणून गोदामात मागे पडलेला जुना रोल आला की पेन मारल्याशिवाय चढवायचा नाही. आणि दोन्ही बाजूंना मारून बघा, उलट्या बाजूला कोटिंग झालेले रोल मी स्वतः रिजेक्ट केलेत.

टेन्शनबद्दल, म्हणजे वेबवरच्या ओढीबद्दल, थोडक्यात. कमी असेल तर फिल्म फडफडते आणि वाकडी जाते, जास्त असेल तर लांबीला सुरकुत्या पडतात आणि बीओपीपीसारखी फिल्म ओव्हनमध्ये गरम झाली की ताणली जाऊन रुंदीला आकसते. बीओपीपी स्वतः ८०-९० डिग्रीच्या पुढे गेली की टेन्शनखाली ओढायला लागते, पीईटी त्यापेक्षा खूप सोसते. सुरकुती पडतेय ती कुठल्या रोलरपासून पडतेय ते मागे मागे जाऊन शोधा. तिरकी सुरकुती म्हणजे जवळपास कायम कुठलातरी रोलर समांतर नाही.

गम तयार करणं आणि कपाने मोजणं

गमचा घट्टपणा मोजायला खाली भोक असलेला बी-४ कप असतो, तो बोटाने खालून बंद करायचा, काठोकाठ भरायचा, बोट काढलं की स्टॉपवॉच सुरू, सलग धार तुटली की बंद. पाणी साधारण १० सेकंदांत जातं. ग्रॅव्ह्युअरवरचा, म्हणजे बारीक खड्ड्यांच्या सिलेंडरने लावायचा, लॅमिनेशनचा गम १५ ते १८ सेकंदांवर चालवतात, पण तुमच्या गमचा आकडा सप्लायरच्या कागदावर बघा. यातली खरी अडचण अशी की पॅन उघडा असतो, सॉल्व्हंट उडत राहतं, आणि सकाळी १६ सेकंद असलेला गम दुपारच्या जेवणापर्यंत २० ला जातो. घट्ट झाला म्हणजे सॉलिड वाढलं, म्हणजे त्याच सिलेंडरवर जीएसएम वाढलं, आणि वर तो नीट पसरतही नाही. म्हणून दर अर्ध्या तासाला कप लावायचा आणि थोडं थोडं सॉल्व्हंट घालत राहायचं. दोन तासांनी एकदम अर्धी बादली ओतली की मालात दोन तास जाड आणि मग एकदम पातळ असा पट्टा राहतो, तो पार्टीकडे गेल्यावर दिसतो.

कपाची वेळ लिहिताना गमचं टेम्परेचर पण लिहा. एप्रिलमधले १६ सेकंद आणि जानेवारीच्या पहाटेचे १६ सेकंद म्हणजे एकच गम नव्हे, थंडीत तोच गम जास्त घट्ट मोजला जातो आणि तुम्ही उगाच पातळ करून सॉलिड घालवता.

दोन भागांचा पॉलियुरेथेन गम असेल तर आधी मुख्य गम पातळ करा, मग ढवळत ढवळत हार्डनर, म्हणजे गम पक्का करणारा दुसरा भाग, घाला, आणि वजन करूनच घाला, अंदाजाने नको. गाळण लावल्याशिवाय पॅनमध्ये ओतायचं नाही. फेस दिसला तर पंपाचा रिटर्न पाइप वरून पडतोय का बघा, तो गमच्या आत बुडवला की बहुतेक वेळा फेस थांबतो.

कोटिंग हेडचे दोन स्वभाव

मशीनं खूप प्रकारची असतात पण नवीन माणसाने एकच भेद पक्का केला तरी अर्धी लढाई झाली. काही हेडमध्ये थर किती बसायचा ते मशीनचा आकार, वेग आणि गमचा घट्टपणा मिळून ठरवतात. आणि काहींमध्ये आपण पंपाने जेवढं मोजून पाठवू तेवढंच, सगळंच्या सगळं, वेबवर बसतं.

पहिल्या जातीत सगळ्यात सोपं म्हणजे बुडवून काढणं. यात वेग वाढला की थर जाड होतो, कारण वेब वर जाताना जास्त द्रव सोबत ओढून नेते. लांडाऊ आणि लेविच या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९४२ साली याचं गणित मांडलं, त्याप्रमाणे वेग दुप्पट केला तर थर साधारण १.६ पट होतो. मेयर रॉड पण याच जातीचा, जादा गम टाकायचा आणि तार गुंडाळलेल्या दांड्याने पुसून काढायचा. तारांच्या मधल्या खाचेत जेवढं राहतं तेवढं वेबवर जातं, आणि ते तारेच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं असतं. म्हणजे अर्धा मिलिमीटर तार असेल तर ओला थर ५० मायक्रॉनच्या आसपास. रॉड झिजला की थर कमी होत जातो, म्हणून रॉड फिरता आहे ना आणि खाचा भरल्या नाहीत ना ते बघत राहायचं.

कॉमा कोटर किंवा चाकू-रोलर जाड थरासाठी, चिकटपट्टी आणि रेक्झिनला जास्त वापरतात. चाकू आणि रोलरमधला गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, तिन्हीकडे मोजा, आणि मशीन गरम झाल्यावर परत मोजा कारण लोखंड गरम झालं की गॅप बदलतो. रिव्हर्स रोलमध्ये रोलर उलटे फिरतात आणि त्यांच्या वेगाच्या गुणोत्तरावर थर ठरतो, फिनिश फार छान येतं पण सेटिंगला हात बसायला वेळ लागतो.

आपल्याकडे पॅकेजिंगमध्ये ग्रॅव्ह्युअर सगळ्यात जास्त. सिलेंडरवर बारीक खड्डे असतात, ते पॅनमध्ये भरतात, डॉक्टर ब्लेड वरचं पुसून काढतं आणि खड्ड्यातलं साधारण निम्मं फिल्मवर उतरतं. निम्मं हा शब्द नीट वाचा. खड्डे जुन्या वाळलेल्या गमने बुजले की उतरणारा गमही कमी होतो आणि तुम्ही म्हणता सिलेंडर तर तोच आहे. काम संपलं की सिलेंडर लगेच धुवायचा, सकाळी बघू म्हणून ठेवायचा नाही.

दुसऱ्या जातीतला राजा म्हणजे स्लॉट डाय. एका बारीक फटीतून पंपाने मोजलेला द्रव पडद्यासारखा बाहेर येतो आणि वेबवर बसतो. इथे हिशेब उलटा आहे, पंप तोच ठेवून वेग २० वरून २५ केला तर थर जाड न होता चार पंचमांश होतो. म्हणून पंप लाइनच्या स्पीडला जोडलेला असायलाच हवा. ग्रॅव्ह्युअरवर तयार झालेला माणूस स्लॉट डायवर आला की इथेच गोंधळतो, मी तीन-चार चांगले ऑपरेटर असे अडकलेले बघितलेत. फोटो फिल्मच्या काळात थर अजून पातळ आणि वेग अजून जास्त हवा होता, तेव्हा द्रवाच्या मागच्या बाजूला थोडा व्हॅक्यूम लावून तो खेचून धरायची युक्ती निघाली, ईस्टमन कोडॅकच्या १९५४ सालच्या पेटंटात ती आहे, आणि तो व्हॅक्यूम बॉक्स आजही डायच्या खाली लावतात.

सारखं आलंय का ते डोळ्यांनी नका ठरवू

१०० चौरस सेंटिमीटरचा गोल जीएसएम कटर असतो. वेबच्या डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशा तीन चकत्या कापा, वजन करा, सॉल्व्हंट लावलेल्या कपड्याने कोटिंग पूर्ण पुसा, फिल्म वाळू द्या, परत वजन करा. फरकाला १०० ने गुणलं की जीएसएम. वजनकाटा निदान मिलिग्रॅम दाखवणारा पाहिजे, कारण ३ जीएसएम म्हणजे त्या चकतीवर फक्त ०.०३ ग्रॅम आहे, आणि पंखा चालू असेल तर काटा स्थिर होत नाही, दार लावून घ्या. कडेच्या चकत्यांमध्ये फरक असेल तर रबर रोलरचा दाब दोन्ही बाजूंना सारखा आहे का बघा. मध्येच कमी येत असेल तर रोलर वाकतोय नाहीतर रबर मध्ये झिजलंय.

आता दोष ओळखायची एक गोष्ट जी मला एका सीनियरने शिकवली, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. आडवे पट्टे पडत होते, म्हणजे वेबच्या रुंदीला समांतर, ठरावीक अंतराने. सगळे गमला दोष देत होते. अण्णांनी पाच मीटरचा तुकडा जमिनीवर पसरला, टेप लावली आणि म्हणाले, "मॅडम, अंतर लिहा." पट्ट्यापट्ट्यांतलं अंतर बरोबर ६२८ मिलिमीटर. मग त्याला ३.१४ ने भागलं, २०० आलं. २०० मिलिमीटर व्यासाचा रोलर मशीनवर एकच होता, निपच्या (दोन रोलर दाबून वेब धरतात ती जागा) आधीचा. त्याचं बेअरिंग गेलं होतं. ठरावीक अंतराने काहीही येत असेल, पट्टा, ठिपका, ओरखडा, तर आधी टेप घ्या. अंतर कुठल्याच रोलरशी जुळलं नाही आणि फार कमी असेल तर गिअरच्या दात्यांशी ताडून बघा.

लांबीला सलग एकच रेघ असेल तर बहुतेक डॉक्टर ब्लेडखाली कण अडकलाय किंवा ब्लेडला चीर गेलीय, ब्लेड हलतं तशी रेघ हलली की खात्री झाली. लांबीलाच पण सारख्या अंतराने पुष्कळ रेघा, कॉर्डुरॉयच्या कापडासारख्या, असतील तर ते वेगळं दुखणं, रोलर कोटिंगमध्ये वेग आणि घट्टपणा दोन्ही जास्त झाले की असं होतं, स्पीड उतरवा किंवा गम पातळ करा. गोल गोल खड्डे, मध्ये उघडी फिल्म आणि कडेला जाड वर्तुळ, हे तेल किंवा सिलिकॉनचं लक्षण. कोणीतरी जवळपास सिलिकॉन स्प्रे मारला असेल तर पूर्ण पॅन रिकामा करून धुतल्याशिवाय जात नाही.

ड्रायर, आणि माझा खरा मुद्दा

जुलैमध्ये ठाण्यात कपडे कसे वाळवता? गॅलरीत ऊन नसतं, पाऊस आत येतो, मग खोलीत दोरी बांधून पंखा लावता. पंखा काही गरम नसतो, पण ओल्या कपड्याभोवतीची दमट हवा तो हलवतो आणि नवी आणतो, म्हणून कपडे वाळतात. ओव्हनमध्येही तसंच आहे. गरमीने सॉल्व्हंट उडतं, पण उडालेलं सॉल्व्हंट वेबपासून दूर न्यायचं काम वाऱ्याचं आहे, आणि वेबला चिकटून जो हवेचा शांत पातळ थर असतो तो नोझलच्या जोरदार झोताने फोडावा लागतो. झोत कमी असेल तर टेम्परेचर कितीही वाढवा, वरवर काम झाल्यासारखं वाटतं आणि आत ओलं राहतं.

वाळण्याचे दोन टप्पे असतात. पहिल्यात पृष्ठभाग पूर्ण ओला असतो, सॉल्व्हंट सारख्या वेगाने उडत राहतं, आणि उडताना गरमी खात असल्यामुळे फिल्म स्वतः गार राहते, आतली हवा ७० असली तरी फिल्म त्याच्या बरीच खाली असते. दुसऱ्यात वरचा भाग सुकत आलेला असतो आणि आतलं सॉल्व्हंट गममधून वाट काढत वर यायला लागतं, ते हळू होतं, आणि फिल्मचं टेम्परेचर हवेच्या दिशेने चढायला लागतं. आता ओव्हनच्या पहिल्याच झोनमध्ये, म्हणजे भागात, जोराची गरमी दिली तर काय होतं? दूध मोठ्या आचेवर ठेवल्यावर साय धरते आणि खालून उकळी आली की ती फुगून वर येते, अगदी तसंच गमवर साय धरते. आतलं सॉल्व्हंट अडकतं. पुढच्या झोनमध्ये ते उकळलं, इथाईल ॲसिटेट ७७ डिग्रीला उकळतं, की बारीक बुडबुडे होतात, किंवा बुडबुडाही होत नाही आणि ते तसंच रोलमध्ये जातं आणि चार दिवसांनी पाऊच उघडल्यावर वास येतो. म्हणून झोन चढते ठेवतात, इथाईलवरच्या गमला ६०, ७०, ८० हे बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचं सेटिंग असतं. पहिल्या झोनमध्ये वारा भरपूर आणि गरमी बेताची, शेवटच्या झोनमध्ये गरमी.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात एका कंपनीत पीईटी आणि पॉलिथिनचं मसाल्याचं पाऊच चालू होतं. रिटेन्शन वाढलं, म्हणजे लॅमिनेटमध्ये अडकून राहिलेलं सॉल्व्हंट. खाण्याच्या मालाला बऱ्याच पार्ट्या चौरस मीटरला एकूण ५ मिलिग्रॅमच्या आत मागतात, आमचं दुपटीच्या वर गेलं होतं. रात्रपाळीने पहिला झोन ६० वरून ९० केला. सकाळी लॅमिनेट लायटीसमोर धरलं तर दुधाळ दिसत होतं, भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, आणि रिटेन्शन अजून वाढलेलं. मग स्पीड कमी केला, थोडा फरक पडला. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मेंटेनन्सच्या मुलाने एक्झॉस्टचं झाकण उघडलं आणि हाक मारली, "ताई, ही जाळी बघा." जाळीवर धूळ आणि वाळलेला गम मिळून नमद्यासारखा जाड थर बसला होता, आणि डॅम्परचा, म्हणजे हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेचा, नट सैल होऊन पाती अर्धी बंद झाली होती. जाळी धुतली, पाती उघडून नट आवळला, झोन परत ६०, ७०, ८० वर आणले, आणि त्याच संध्याकाळी रिटेन्शन उतरलं. गरमीचा काही प्रश्नच नव्हता, वारा अडकला होता, आणि आम्ही दोन दिवसांचा माल घालवला.

म्हणून माझं म्हणणं असं की माल ओला येतोय असं वाटलं की टेम्परेचरच्या बटणाला हात लावायच्या आधी हे बघा. टिश्यू पेपरची अरुंद पट्टी घ्या, बोटाएवढी, आणि ओव्हनच्या तोंडाशी, जिथून वेब आत जाते तिथे, वेबला आणि रोलरला न लागेल अशी लांब काडीला बांधून धरा. पट्टी हलकेच आत ओढली गेली पाहिजे. बाहेर ढकलली जात असेल तर ओव्हन श्वास बाहेर टाकतोय, एक्झॉस्ट कमी पडतंय आणि सॉल्व्हंट हॉलमध्ये येतंय. खूप जोरात आत ओढली जात असेल तर बाहेरची गार हवा आत शिरतेय आणि पहिला झोन गार पडतोय. मग मशीन बंद, गार आणि लॉक असताना नोझल उघडून बघा, कुठली फट बुजलीय का. फक्त एकाच बाजूच्या फटी बुजल्या असतील तर कोटिंग अगदी सारखं असूनही माल एका बाजूला ओला येतो आणि सगळे कोटिंग हेड सेट करत बसतात. एक अजून, पातळ पारदर्शक फिल्मचं टेम्परेचर इन्फ्रारेड बंदुकीने मोजू नका, ती फिल्मच्या आरपार मागचा रोलर वाचते.

आता तो ७०० ग्रॅमचा आकडा परत काढा. ७०० ग्रॅम इथाईल ॲसिटेटची वाफ साधारण ०.२ घनमीटर होते. हवेत याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगीने पेट घेतं, त्याला एलईएल म्हणतात. म्हणजे दर मिनिटाला १० घनमीटर हवा असेल तर आपण थेट धोक्याच्या रेषेवर. अमेरिकेच्या एनएफपीए ८६ या ओव्हनच्या मानकात सतत वाफ मोजणारा मीटर नसेल तर एलईएलच्या २५ टक्क्यांच्या आत राहायचं असं आहे, मीटर आणि आपोआप थांबवणारी व्यवस्था असेल तर ५० पर्यंत. २५ टक्क्यांचा हिशेब केला तर मिनिटाला ४० घनमीटर ताजी हवा पाहिजे, तासाला २४००. स्पीड १५० केला की मिनिटाला ६०. यात ओव्हनमध्ये परत फिरवलेली हवा धरायची नाही, फक्त बाहेरून आलेली ताजी. हा हिशेब समजण्यासाठी आहे, प्लांटचं सेटिंग सेफ्टीवाल्यांनी आणि मशीन बनवणाऱ्यांनी ठरवलेलं असतं आणि त्याला कधीही हात लावायचा नाही. एलईएलचा अलार्म सारखा वाजतो म्हणून वायर काढून ठेवलेली मी बघितलीय आणि त्या दिवशी मी मशीन बंद करायला लावलं होतं. कोणी कितीही ओरडलं तरी हे करा.

तसंच स्टॅटिक. धावती प्लास्टिक फिल्म वीज साठवते, हात जवळ नेला की अंगावर काटा येतो ना, तीच. इथाईल ॲसिटेट तर उणे ४ डिग्रीलाही पेट घेण्याइतकी वाफ देतं. मशीनचं, पॅनचं, बादलीचं अर्थिंग, फिल्मवरची वीज घालवणारा स्टॅटिक बार साफ, प्लास्टिकच्या बादलीतून सॉल्व्हंट ओतायचं नाही, आणि खिशात मोबाइल नाही.

आपला पावसाळा

बाहेरगावचे कन्सल्टंट येतात, डिसेंबरमध्ये सेटिंग करून जातात आणि जून लागला की सगळं बिघडतं, हे इथे खूप ठिकाणी होतं. कारण साधं आहे. २८ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत एका घनमीटरला साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. अशी हवा २५ डिग्रीपर्यंत गार झाली की त्यातलं पाणी दव होऊन बसायला लागतं. इथाईल उडताना फिल्म आणि पॅनमधला गम त्यापेक्षा सहज गार होतो, मग पाणी थेट गमवर बसतं. लॅकर, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, असेल तर ते पांढुरकं पडतं. पॉलियुरेथेन गम असेल तर अजून वाईट, हार्डनर गमशी जुळायच्या ऐवजी पाण्याशी जुळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, दोन दिवस गम पक्का व्हायच्या क्युरिंग रूममध्ये ठेवूनही गम चिकटच राहतो. उपाय, पॅनवर झाकण, गमचा साठा कमी आणि फिरता, ड्रम उघडा ठेवायचा नाही, इथाईलमधलं पाणी तपासलेलं हवं, आणि हार्डनर थोडा वाढवायचा असेल तर सप्लायरला विचारून. शाईत अल्कोहोल राहिलं असेल तर तेही हार्डनर खातं, हे प्रिंटिंगवाल्यांना आधीच सांगून ठेवा.

सॉल्व्हंटवरच्या कोटिंगला एक दिलासा आहे, हीच हवा ७० डिग्रीला तापवली की तिची आर्द्रता १० टक्क्यांवर येते, त्यामुळे ओव्हनच्या आत पावसाचा त्रास कमी, सगळा त्रास पॅन ते ओव्हनच्या तोंडापर्यंत. पाण्यावरच्या कोटिंगचं तसं नाही. एक किलो पाणी उडवायला इथाईलच्या पाच-सहा पट उष्णता लागते, आणि ओव्हनमधली हवा परत परत फिरवली की ती पाण्याने भरून जाते, मग पावसाळ्यात ताज्या हवेचा डॅम्पर जास्त उघडावा लागतो आणि बिल वाढतं. तिथे स्पीड १० टक्के कमी करणं मला तरी जास्त बरं वाटतं.

शेवटचे चार मीटर

ओव्हनमधून निघालेला माल लॅमिनेशनच्या निपमधून असो वा थेट, कूलिंग रोलरवरून गार करूनच गुंडाळा. गरम गुंडाळला की थर मागच्या फिल्मला चिकटतो आणि रोल उलगडताना फाटतो. रोल मोठा होत जाईल तसं रिवाइंडचं टेन्शन थोडं थोडं कमी व्हायला हवं, नाहीतर आतले वेढे चुरगळतात आणि रोलच्या बाजूला चांदणीसारखी नक्षी दिसते. प्रत्येक रोलच्या सुरुवातीचा एक मीटर कापून घ्या, त्यावर मार्करने रोल नंबर, वेळ, स्पीड, तिन्ही झोनचं टेम्परेचर, कपाचे सेकंद आणि एक्झॉस्टच्या डॅम्परची खूण लिहा, घडी न घालता गुंडाळून क्यूसीच्या कपाटात ठेवा. डॅम्परची खूण आमच्याकडे कोणी लिहीत नव्हतं, त्या जाळीच्या प्रकरणानंतर मी तो रकाना लॉगशीटमध्ये घालून घेतला.